गोळीच्या हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना उजाडला की नागपुरातील बँकांमध्ये निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ वाढते. १९५६ पर्यंत हे शहर एका मोठ्या प्रांताची राजधानी होते. पुढे राजधानी गेली, तरी महालेखापालांचे कार्यालय, रेल्वेच्या दोन विभागांची मुख्यालये, रिझर्व्ह बँक, अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना, वेस्टर्न कोलफील्ड्स अशी मोठी खाती येथे राहिली, आणि त्या खात्यांतून निवृत्त झालेली माणसे बहुधा येथेच स्थायिक झाली. आपण अद्याप हयात आहोत एवढे सिद्ध करण्यासाठी ही मंडळी वर्षातून एकदा बँकेची पायरी चढतात. ८० वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांची गर्दीतून सुटका व्हावी म्हणून २०१९ पासून त्यांना हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा मिळाली. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनुसार त्यांच्या मूळ निवृत्तिवेतनात ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ व्या वर्षी ३० टक्के, ९० व्या वर्षी ४० टक्के अशी वाढही होत जाते. म्हणजे वयाबरोबर माणसाच्या गरजा बदलतात आणि त्याची परिस्थिती वर्षातून एकदा तरी पाहून घेतली पाहिजे, ही दोन्ही तत्त्वे सरकारी खजिन्यालासुद्धा मान्य आहेत.

याच मंडळींच्या घरातील औषधांच्या डब्याला मात्र ही तत्त्वे लागू नाहीत. त्या डब्यात रक्तदाबाची गोळी असते, मधुमेहाची असते, आम्लपित्ताची, प्रोस्टेटची, झोपेची असते. आणि रात्रीच्या जेवणानंतर घ्यावयाची एक लहानशी गोळी असते. तिचे नाव ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन. साठीच्या आसपास केव्हातरी रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉलचा आकडा वर गेला आणि ती सुरू झाली. ज्या डॉक्टरांनी ती सुरू केली ते आता स्वतःच दवाखाना बंद करून बसलेले असतात. दरम्यान घरमालक ८५ वर्षांचे झाले, त्यांचे वजन उतरले, त्यांच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या, स्मरणशक्तीने दगा दिला. गोळी तीच राहिली. ती का चालू आहे असे विचारले तर घरातून मिळणारे उत्तर एकच असते : ती पहिल्यापासून चालू आहे.

कोलेस्टेरॉल कमी करणारी ही गोळी अतिवृद्ध माणसाने घेत राहावी की थांबवावी, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वैद्यकीय जगात गंभीरपणे विचारला जाऊ लागला आहे. चालू औषधे विचारपूर्वक कमी करण्याच्या या क्रियेसाठी इंग्रजीत एक नवा शब्दही रूढ झाला. तो २००३ साली ऑस्ट्रेलियातील एका लेखातून पुढे आला. मराठीत त्याला अद्याप प्रतिशब्द नाही, हे आश्चर्याचे नाही. औषध सुरू करण्यासाठी आपल्याकडे कितीतरी शब्द आहेत. थांबवण्यासाठी एकच आहे, ‘बंद करणे’, आणि त्याचा कानावर पडणारा अर्थ अशुभ आहे. प्रारंभीच हे सांगून ठेवणे आवश्यक आहे की, या विवेचनावरून कोणीही स्वतःच्या वा वडिलांच्या हातातील आजची गोळी काढून घेऊ नये. ज्याला एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्याच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे, त्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. प्रश्न विचारण्याचा आहे, आणि तो कोणी विचारीतच नाही असे दिसते.

या औषधाचा इतिहास विलक्षण आहे. जपानमधील सांक्यो कंपनीत काम करणारे अकिरा एन्दो हे शास्त्रज्ञ हजारो बुरशांची तपासणी करीत होते. शरीरात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या यंत्रणेला अडसर घालणारा पदार्थ त्यांना १९७० च्या दशकात एका निळसर हिरव्या बुरशीत सापडला. त्या वर्गातील पहिले औषध अमेरिकेत १९८७ साली बाजारात आले. तथापि हे औषध आकड्याबरोबर आयुष्यही सुधारते काय, याविषयी शंका होती. ती स्कँडिनेव्हियातील एका मोठ्या प्रयोगाने १९९४ साली फिटवली. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवर सुमारे साडेपाच वर्षे हा प्रयोग चालला. औषध न मिळालेल्यांत सुमारे १२ टक्के दगावले, औषध मिळालेल्यांत सुमारे ८ टक्के. एका साध्या गोळीने एवढा फरक पडावा ही लहान गोष्ट नव्हे, आणि स्टॅटिनांच्या विरोधात आज जी सवंग लिखाणे फिरत असतात त्यांच्या कर्त्यांनी हा आकडा विसरू नये. मात्र त्या प्रयोगातील रुग्ण ३५ ते ७० वर्षांचे होते, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे.

पुढचा भाग अर्थशास्त्राचा आहे. १९९७ साली बाजारात आलेल्या ॲटोरव्हास्टॅटिनने तिच्या अमेरिकन मालकाला पेटंट संपेपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, शंभर अब्ज डॉलरहून अधिक विक्री मिळवून दिली. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर केवळ ते तयार करण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्याची तरतूद केली होती आणि ती २००५ पर्यंत टिकली. त्यामुळे आपल्या कंपन्यांना हे औषध स्वतःच्या पद्धतीने बनवून विकता आले. पुढे ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आले, २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाखाली त्याची कमाल किंमत ठरू लागली, आणि जनऔषधी केंद्रांत तर त्याची एक गोळी टपरीवरच्या चहाच्या कपाहून स्वस्त मिळते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने औषधे मूळ नावाने व कमी किमतीत रुग्णांच्या हाती देण्याचा जो उपक्रम चालवला, त्याचा लाभ विदर्भातील असंख्य गरीब कुटुंबांना झाला. औषध स्वस्त करण्याच्या बाबतीत या देशाने, आणि त्यातही या प्रदेशाने, जगाला दाखवण्यासारखे काही केले आहे.

परंतु स्वस्ताईचा एक परिणाम असा होतो की, वस्तूचा हिशेब ठेवणे थांबते. महिन्याला हजार रुपयांची गोळी असती तर मुलाने एकदा तरी डॉक्टरांना विचारले असते की, हिची गरज आहे काय? तीस-चाळीस रुपयांत महिना निघतो म्हटल्यावर कोण विचारतो? औषधाच्या दुकानात जुनी रिकामी स्ट्रिप दाखवली की नवी मिळते. डॉक्टरांची ताजी चिठ्ठी पाहिल्याशिवाय अशी औषधे देऊ नयेत हा नियम गंजीपेठेपासून धंतोलीपर्यंत कोणाच्या कितपत लक्षात आहे, हे नागपूरकरांना सांगायला नको. अशा रीतीने साठीत घेतलेला निर्णय पंचवीस वर्षे आपोआप नूतनीकरण होत राहतो.

गोळीची किंमत मात्र फक्त रुपयांत मोजायची नसते. ८६ वर्षांच्या माणसाला दिवसाला दहा गोळ्या गिळणे हे एक काम असते. घशात अडकते, पाणी जास्त प्यावे लागते, रात्री त्यासाठी उठावे लागते. काही लोकांना या औषधाने स्नायू दुखतात, पायांत जोर राहत नाही. ते दुखणे वयाचे समजून त्यावर आणखी एक वेदनाशामक गोळी दिली जाते, वेदनाशामकाने पोटात जळजळते म्हणून आम्लपित्ताची आणखी एक. छातीतल्या कफासाठी दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक काही स्टॅटिनांचे रक्तातील प्रमाण एकदम वाढवते, हे घरच्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. औषधांची संख्या वाढली की अशा परस्परक्रियांच्या शक्यता तिच्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात : पाच औषधांच्या जोड्या दहा होतात, दहा औषधांच्या पंचेचाळीस.

आणखी एक किंमत आहे, ती स्वयंपाकघरात भरावी लागते. गोळी चालू आहे म्हणून दर सहा महिन्यांनी उपाशीपोटी रक्त तपासायचे, आकडा थोडा वाढला म्हणून वरणभातावरचे तूप बंद करायचे, दुधाची साय काढून टाकायची. डॉ. अभय बंग हे नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाने मराठी मध्यमवर्गाला कोलेस्टेरॉलविषयी जागे केले आणि चाळिशी-पन्नाशीतील कितीतरी वाचकांनी त्यानंतर आपले जेवण बदलले. ते योग्यच होते. पण पन्नाशीचे पथ्य पंच्याऐंशीच्या माणसाला जसेच्या तसे लावणे हा वेगळा प्रकार झाला. त्या वयात बहुतेकांची भीती वजन वाढण्याची नसून ते उतरण्याची असते. भूक मंदावलेली, दात गेलेले, अन्नाची चव कळेनाशी झालेली. अशा माणसाच्या ताटातून चमचाभर तूप काढून घेतल्याने त्याच्या हृदयाचे नेमके किती रक्षण होते, याचा विचार कोणी केलेला नसतो.

औषधाने किती फायदा होतो, हे विचारताना दुसरा प्रश्न जोडूनच विचारला पाहिजे, तो म्हणजे किती काळाने. बँकेत ठेव ठेवणारा कारकूनसुद्धा व्याजदराबरोबर मुदत विचारतो. डॉक्टरांशी बोलताना मुदतीचा प्रश्न बहुधा राहून जातो. २०२१ साली आठ प्रयोगांतील ६५ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून या मुदतीचा हिशेब मांडला गेला. ज्यांना पूर्वी हृदयविकार झालेला नाही अशा ५० ते ७५ वयाच्या शंभर लोकांना स्टॅटिन दिले, तर त्यांच्यापैकी एकाचा झटका वा तत्सम मोठा आघात टळण्यास सरासरी अडीच वर्षे लागतात. साठीच्या माणसाला अडीच वर्षे म्हणजे काहीच नव्हे. त्याच्यापुढे वीस-पंचवीस वर्षे आहेत आणि फायदा दरवर्षी साठत जाणार आहे. त्याने ही गोळी जरूर घ्यावी. ज्याच्या आयुष्याची वाट वर्षभरात संपणार हे उघड दिसते आहे, अशा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हिशेबात मात्र ही ठेव मुदतीपूर्वीच बुडते. या दोन टोकांच्या मध्ये आहेत ते बहुसंख्य वृद्ध, आणि खरी अडचण त्यांचीच आहे.

त्यांच्याविषयी पुरावा तुटपुंजा आहे. वृद्धांसाठी मुद्दाम योजलेला एक मोठा प्रयोग स्कॉटलंड, आयर्लंड व नेदरलँड्समध्ये झाला आणि २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७० ते ८२ वर्षांची ५,८०४ माणसे होती. त्यांना एकतर हृदय-रक्तवाहिन्यांचा विकार होता किंवा तो होण्याचा धोका अधिक होता. सुमारे तीन वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी १६.२ टक्के लोकांना मोठा आघात झाला, घेणाऱ्यांपैकी १४.१ टक्के लोकांना. म्हणजे फायदा होता, पण शंभरांत दोघांचा. २०१९ साली जगभरातील २८ प्रयोगांतील १,८६,८५४ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा त्यात ७५ वर्षांवरील माणसे निघाली १४,४८३, शेकडा आठ. ज्यांना आधीच रक्तवाहिन्यांचा विकार होता त्यांना उतारवयातही फायदा होतो असे त्यातून दिसले. ज्यांना तो नव्हता त्यांच्या बाबतीत थेट पुरावा अपुरा आहे असे संशोधकांना नमूद करावे लागले. अमेरिकेतील प्रतिबंधक उपायांची शिफारस करणाऱ्या मंडळाने २०२२ साली तर स्पष्टच सांगितले की, ७६ वर्षांनंतर अशा निरोगी माणसाला स्टॅटिन नव्याने सुरू करावे की नाही, हे ठरवण्यास पुरेसा पुरावा नाही. ज्या वयोगटात गोळ्या सर्वाधिक खाल्ल्या जातात, तोच वयोगट प्रयोगांतून वगळला जातो, हा औषधशास्त्राच्या अर्थकारणातील एक जुना दोष आहे. वृद्ध माणूस प्रयोगात घेणे अवघड पडते. त्याला दहा इतर आजार असतात आणि निष्कर्ष गढूळ होतात. पण प्रत्यक्षातला रुग्ण तोच असतो.

सुरू करणे आणि थांबवणे ही दोन वेगळी कृत्ये आहेत, आणि थांबवण्याच्या बाबतीतला पुरावा त्याहूनही कमी. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग म्हणून मोलाचा. त्यात आयुष्याचा एक महिना ते एक वर्ष शिल्लक आहे असे ज्यांच्याविषयी डॉक्टरांना वाटत होते, असे ३८१ रुग्ण होते. निम्म्यांची गोळी चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने थांबवण्यात आली. साठ दिवसांत थांबवलेल्यांपैकी २३.८ टक्के आणि चालू ठेवलेल्यांपैकी २०.३ टक्के दगावले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. हृदयविकाराच्या घटनाही दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच. थांबवलेल्यांना आपले जगणे किंचित बरे वाटले. परंतु हे रुग्ण मरणाच्या उंबरठ्यावरचे होते, आणि सरासरी ७४ वर्षांचे. अंबाझरीच्या बागेत रोज सकाळी दोन चकरा मारणाऱ्या ८२ वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापकांना तो निष्कर्ष लावता येत नाही.

त्यांच्या बाबतीत उलट दिशेचा इशारा आहे. फ्रान्समध्ये ७५ वर्षे पूर्ण केलेल्या, पूर्वी हृदयविकार नसलेल्या आणि नियमित स्टॅटिन घेणाऱ्या १,२०,१७३ लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांनी गोळी सोडली त्यांना हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी रुग्णालयात जावे लागण्याचा धोका सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१९ चा हा अहवाल थांबवू पाहणाऱ्यांना विचार करायला लावणारा आहे. अर्थात तो प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे, आणि निरीक्षणात एक फसगत नेहमी दडलेली असते : माणूस गोळी केव्हा सोडतो? पुष्कळदा प्रकृती ढासळू लागली म्हणून. मग पुढे जे घडते ते गोळी सोडल्याने घडले की ढासळण्यामुळे, हे वेगळे काढणे कठीण. हीच फसगत दुसऱ्या बाजूलाही होते. नेदरलँड्समधील लायडेन येथे ८५ वर्षांवरील ७२४ लोकांच्या पाहणीत, १९९७ साली, ज्यांचे कोलेस्टेरॉल अधिक ते अधिक जगले असे आढळले होते. त्यावरून म्हातारपणी कोलेस्टेरॉल हितकारक असते असा निष्कर्ष काढणारे उत्साही लोक आहेत. वस्तुतः कर्करोग, जंतुसंसर्ग, कुपोषण यांनी माणूस आतून खंगू लागला की कोलेस्टेरॉल आपोआप उतरते. उतरलेला आकडा मृत्यूचे कारण नसून त्याची चाहूल असू शकते. संख्या खोटे बोलत नाहीत हे खरे. पण त्यांना काय विचारले यावर त्यांचे उत्तर अवलंबून असते.

एवढ्या अनिश्चिततेतून व्यवहारासाठी काय उरते? अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ७५ वर्षांवरील व्यक्तीच्या बाबतीत म्हटले आहे की, हालचालींची क्षमता घटली असेल, अनेक आजार एकत्र आले असतील, शरीर जर्जर झाले असेल किंवा उरलेले आयुष्य थोडे असेल, तर स्टॅटिन थांबवणे वाजवी ठरू शकते. जर्जर वृद्धांत कोणती औषधे थांबवावीत याची आयर्लंडमधील तज्ज्ञांनी २०१७ साली केलेली यादीही हेच सांगते. म्हणजे निर्णायक गोष्ट वयाचा आकडा नव्हे. ७८ वर्षांची, तीन वेळा पडलेली, माणसे ओळखू न शकणारी आजी आणि ८८ व्या वर्षी स्वतः भाजी आणणारे आजोबा यांना एकच नियम लावता येत नाही.

मग हे वाजवी काम होत का नाही? कारण त्यात कोणाचाच लाभ नाही. औषध लिहून देण्याला शुल्क आहे, विकण्याला नफा आहे, तपासणीला दर आहे. थांबवण्याला काहीच नाही, आणि वेळ मात्र भरपूर लागतो. मेडिकलच्या किंवा मेयोच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला काही मिनिटे मिळतात. तेवढ्यात जुनी चिठ्ठी पुढे चालू ठेवणे शक्य असते, तिचा विचार करणे शक्य नसते. खासगी दवाखान्यांतही हृदयाचे, मूत्रपिंडाचे, मेंदूचे डॉक्टर वेगवेगळे. प्रत्येक जण आपापली औषधे पाहतो आणि दुसऱ्याच्या औषधाला हात लावणे शिष्टाचाराला धरून नाही असे समजतो. शिवाय दोषाची वाटणी विषम आहे. गोळी थांबवली आणि चार महिन्यांनी झटका आला, तर थांबवणारा डॉक्टर जन्मभर बोलणी खातो. गोळी चालू ठेवली आणि माणूस थकत, खंगत, पडत गेला, तर कोणी गोळीकडे बोट दाखवत नाही. अशा बाजारात प्रत्येक शहाणा माणूस चालू ठेवण्याचाच मार्ग निवडणार.

घरातील अडचण याहून नाजूक असते. मुलगा पुण्यात वा परदेशात, औषधांचा डबा भरणारी सून किंवा मुलगी येथे. फोनवर पहिला प्रश्न येतो : बाबांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? ती गोळी म्हणजे दूर राहणाऱ्या मुलाच्या काळजीचे दृश्य रूप झालेले असते. तिच्यातील एक कमी करा असे डॉक्टरांनी सुचवले, तरी ‘आता यांच्यात काही राम उरला नाही’ असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्ष रुग्णांना मात्र तसे वाटतेच असे नाही. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन प्रयोगातील रुग्णांना याविषयी विचारण्यात आले, तेव्हा डॉक्टर आपल्याला वाऱ्यावर सोडत आहेत अशी शंका व्यक्त करणारे शंभरांत पाचही निघाले नाहीत. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला असा प्रश्न विचारण्याची पद्धतच नाही. त्याच्या गोळ्यांवर त्याच्यासमोर इतर लोक चर्चा करतात.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ज्या देशात म्हाताऱ्यांना मुळात औषध मिळत नाही, तेथे ते थांबवण्याची चर्चा म्हणजे चैन नव्हे काय? मेळघाटातील वा गडचिरोलीतील सत्तरीच्या बाईचे कोलेस्टेरॉल कोणी कधी मोजलेले नसते. तिला झटका आला तर तो झटका होता हेही कळत नाही. ‘वय झाले, आता काय करायचे’ या वाक्याने या देशात जितके वृद्ध मेले असतील, तितके कोणत्याही गोळीने मेले नसतील. हा आक्षेप विसरून चालणार नाही. उद्या एखाद्या विमा कंपनीने वा सरकारी योजनेने ८० वर्षांनंतर स्टॅटिन मिळणार नाही असा सरसकट नियम काढला, तर तो अन्यायच ठरेल, आणि त्याला विरोध करावा लागेल. परंतु गरज असलेल्याला न मिळणे आणि गरज संपलेल्याला मिळत राहणे ही एकाच दुर्लक्षाची दोन रूपे आहेत : दोन्ही ठिकाणी त्या विशिष्ट माणसाकडे कोणी पाहिलेले नसते.

पाहण्याची सोय करणे अवघड नाही. नागपुरात केंद्र सरकारी आरोग्य योजनेची केंद्रे आहेत. तेथून हजारो निवृत्त लोक नियमित औषधे नेतात आणि त्यांची नोंद तेथे असते. २०१० साली आखलेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा पातळीवर वृद्धांसाठी स्वतंत्र तपासणीची कल्पना आहेच. ८० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा, हयातीच्या दाखल्याच्याच महिन्यात म्हणा, घरातील सगळी औषधे एका पिशवीत घालून आणायला सांगावे, आणि एका डॉक्टराने वीस मिनिटे देऊन प्रत्येक औषधाला विचारावे की, तू येथे का आहेस? या तपासणीसाठी वेगळे शुल्क ठेवावे. फुकटच्या कामाला वेळ मिळत नाही हा अनुभव आहे. अशा पिशवीतून कधी एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी निघते आणि रुग्ण दोन्ही घेत असतो. हे एक जरी पकडले गेले, तरी वीस मिनिटांची किंमत वसूल होते.

थांबवायचे ठरलेच तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. आपल्याकडे स्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्ये घालून सर्रास विकले जाते. कोलेस्टेरॉलची गोळी म्हणून घरच्यांनी ती कॅप्सूल सोडली, तर रक्ताची गुठळी टाळणारी औषधेही त्याच दिवशी बंद होतात, आणि स्टेंट असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकते. कॅप्सूल फोडून औषधे वेगळी लिहून घेणे हे म्हणूनच पहिले काम. एका वेळी एकच औषध थांबवावे, म्हणजे पुढे जो बदल होईल तो कशामुळे झाला ते कळेल. पाय दुखतात म्हणून थांबवले असेल, तर काही आठवड्यांत दुखणे कमी झाले काय ते पाहावे. न झाल्यास दोष गोळीचा नव्हता असे समजून ती पुन्हा सुरू करण्यास हरकत नाही. लंडनमधील एका प्रयोगात, साइड इफेक्टमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी आणि काही महिने काहीच न देता पाहण्यात आले. त्यांच्या त्रासाचा नव्वद टक्के भाग पोकळ गोळीनेही होत होता, आणि हे कळल्यावर त्यांतील निम्म्यांनी औषध पुन्हा घ्यायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेसारखा हा निर्णय कायमचा नाही, त्यामुळे त्याची भीतीही त्या मापाची असू नये.

एक चूक मात्र थांबवल्यानंतर हमखास होते. दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी हौसेने पुन्हा लिपिड प्रोफाइल करून आणतो, अहवालात लाल अक्षरांतला आकडा दिसतो, घरात धावपळ उडते आणि गोळी परत सुरू होते. तूपही परत बंद. औषध काढले की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पूर्वीच्या जागी जाते, यात नवे काही घडलेले नसते. ती तपासणी करण्याचेच कारण नव्हते.